इंजन या शब्दाची वही

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

ही वही खुशीनं दिली. खुशी माह्या पोराची पोरगी. अकरावीत आहे, शिकाले इथं घाटंजीत आमच्यापाशी राहते. तिच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या केतकी मॅडमनं पोरापोरींले एकेक इंग्रजी शब्द वाटून दिला. तो शब्द आपल्या भागात कुठं ऐकू येते, कोण बोलते, कोणत्या अर्थानं बोलते, ते दीड महिना लिहून काढायचं. मूळ मॅडम शोधून देणार. खुशीच्या वाट्याले आलं इंजन. म्हणे, आबाजी, तुम्ही तं दिवसभर त्यातच राहता, तुम्हीच लिहा. मी म्हणलं, मी सातवी पास, मी कायले लिहू? तं म्हणे, तुमचं अक्षर माह्यापेक्षा चांगलं आहे. ही गोष्ट मातर खरी आहे.

आज हत्यारांची पूजा केली. पाने, हातोड्या, कानशी, अन् सगळ्यात वर माहा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. हातभर लांब, लाकडी मुठीचा. अडतीस सीझन झाले. आमच्या जिनिंगात कापसातून सरकी काढायच्या चोवीस मशिनी एका रांगेत उभ्या आहेत, अजूनही बाया हातानं कापूस घालतात अशा. या पेचकसाचं टोक बेअरिंगवर ठेवायचं, मूठ कानाले लावायची, अन् मशीन आपल्या पोटातलं सारं सांगते. बाकीचे फिटर मशीन खोलून पाहतात. मी न खोलता सांगतो. यवतमाळपासून मुकुटबनपर्यंत कोणत्याही जिनात विचारा, किसनरावचा कान म्हणलं की लोक ओळखतात. बढाई नाही मारून राह्यलो. आहे ते लिहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

खुशीनं रकाने आखून दिले. कुठं, कोण, अर्थ.

चहाच्या टपरीवर. टपरीवाला. अर्थ, रेल्वेचं.

शेजारी. पूनमसिंग. अर्थ, वावरात पाणी ओढायचं. वास्तविक त्याच्या वावरात पाच वर्षांपासून विजेची मोटार आहे, डिझेलचं इंजन कवाच भंगारात गेलं. तरी बुवा रोज म्हणते, इंजन चालू करून येतो.

घरात. खुशी. अर्थ, मोबाईलमधलं, काहीही विचारलं की शोधून देणारं. हे इंजन मले पटलं नाही. ज्याले तेल लागत नाही ते कायचं इंजन.

घरात. लीला, म्हणजे आमची बुढी. अर्थ, मी. "या बुढ्याचं इंजन चायबिगर सुरू होत नाही." हे लिहू नका म्हणे. मी लिहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मंदारनं बोलावलं. त्याचे वडील होते तेव्हा ते स्वतः खुर्चीवरून उठून माह्यापाशी येत. मंदार दोन वर्षांपासून जिन पाहते, पुण्याले शिकून आला. पोरगा वाईट नाही, पण ही आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. दोनदा विचारा लागलं तवा कळलं. नागपूरचा एक फिटर आहे, इंद्रजित नावाचा, त्याच्यापाशी मशिनीची थरथर मोजायचं मीटर आहे. यंदा रांग त्याच्या हवाली करावी असं मंदारच्या मनात होतं.

मी म्हणलं, "माहा कान अजून आहे. मीटर कायले?"

त्यानं खिडकीतून रांगेकडे पाह्यलं. मग म्हणे, ठीक आहे काका, यंदाचा सीझन रांग तुमची. पण यंदा काही झालं तं पुढच्या वर्षी मी विचारणार नाही. मी म्हणलं, मंजूर. घरी येऊन लीलाले सांगतलं. ती नुसती माह्याकडे पाहत राह्यली. तिले वाटलं असन, बुढ्याले आयता आराम मिळत होता, तो घालवला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज घरात भांडण. लीला बाजारात गेलती, कुकर गॅसवर, मी बाजूलेच वही घेऊन बसलेलो. ती आली तं भात जळून कोळसा. म्हणे, शिट्ट्या मोजता येत नव्हत्या? मी म्हणलं, शिट्टी झालीच नाही. कंपनीचे कुकर आता असेच येतात, शिट्टीत दमच नाही. ती म्हणे, कुकर बारा वर्षांचा आहे.

अजून एक. अंगणातल्या कडुनिंबावर पाखरं यंदा दिसतात पण चिवचिव नाही करत. खुशीले म्हणलं, हे बी लिही तुह्या मॅडमच्या वहीत, पाखरं मुकी झाली. ती आजीकडे पाहून राह्यली अन् आजी तिच्याकडे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज मोठी गोष्ट. मॅडमनं इंजनचं मूळ शोधून दिलं. खुशीनं माह्या समोर बसून मोठ्यानं वाचलं. आजकाल ती चांगली मोठ्यानं वाचते, मॅडमनं शिकवलं असन.

तं इंजन म्हणजे आधी मशीन नव्हतंच! मूळ शब्द लॅटिनचा, इंजेनियम. अर्थ, जन्मासोबत आत आलेली अक्कल. उपजत. आपण ज्याले हिकमत म्हणतो ते. तो फ्रेंचांनी घेतला, त्यांच्यापासून इंग्रजांनी. सातशे वर्षांपूर्वीचे इंग्रज माणसाच्या डोक्याले इंजन म्हणत. मग हिकमतीनं केलेल्या फसवणुकीलेही म्हणाले लागले. मग किल्ल्याच्या भिंती फोडायच्या यंत्राले. मग हरेक यंत्राले. वाफेचं इंजन आलं ते सगळ्यात शेवटी, अन् माणसातलं इंजन लोक विसरून गेले. अजून ऐका. आपण जे जिन म्हणतो, जिनिंग म्हणतो, ते बी इंजनचंच. पुढचा तुकडा झडला, मागचा जिन राह्यला. इंजिनिअर बी त्यातूनच.

मी आधी चिडलो. अडतीस वर्षं ज्याच्यासाठी हात काळे केले ते इंजन नाही, असं एक पोट्टी मले सांगते. मग जेवताना डोक्यात आलं, अरे, हे तं माह्याबद्दलच आहे. जन्मासोबत आत आलेलं. मले कोणत्या कॉलेजानं शिकवलं ऐकाले? माहा कान म्हणजेच तं मूळचं इंजन. मशिनी नंतर आल्या. लीलाले सांगतलं, तुह्या नवऱ्यावर सातशे वर्षांपूर्वीच शब्द निघाला आहे. ती म्हणे, जेवा.

केतकी मॅडमनं निरोप दिला, २२ नोव्हेंबरले कॉलेजात कार्यक्रम आहे, आजोबांनी इंजनवर चार शब्द बोलावे. मी स्टेजवर. नवा सदरा शिवाले टाकला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज जिनाचा मुहूर्त. नारळ मी फोडला. पहिली मशीन मी चालू केली, पहिल्या मशिनीची मूठभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, देवापुढं ठेवली, अन् मग पेचकस घेऊन रांगेतून गेलो. एक ते चोवीस. एकीतही किरकिर नाही, खडखड नाही. अडतीस वर्षांत रांग एवढी नरम कधीच चालली नव्हती. महिनाभर तेलपाणी केलं त्याचा हा गुण. मंदारले म्हणलं, ऐक, कशी लोण्यासारखी चालून राह्यली. त्यानं मान हलवली.

नऊ नंबरवर ममता आहे. कापूस घालते, पाच-सहा वर्षांपासून. कामाले चोख बाई, पण जास्त बोलते. मले म्हणे, काकाजी, नऊ नंबर बरोबर नाही वाटत. मी पेचकस लावला, ऐकलं, काही नाही. म्हणलं, तू कापूस घाल, मशीन मी पाहतो. सगळ्या बायांसमोर म्हणलं. ती परत कापूस घालाले लागली.

रकाना. जिनात. सगळे. अर्थ, रोजचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ नंबरनं पेट घेतला.

दुपारी जेवणानंतर. मी चोवीस नंबरच्या टोकाले होतो. बाया पळताना दिसल्या तवा कळलं. मशिनीतून धूर, खाली रुईत जाळ. रुईले आग लागली की हाक मारेपर्यंत छत गाठते. ममता मातर पळाली नाही. तिनं बटन मारलं, अन् रेतीच्या दोन बादल्या जाळावर ओतल्या. तवर बाकीचे आले. डाव्या हाताची बोटं भाजली तिची. दवाखान्यात नेली. बाकी कोणाले काही झालं नाही.

बेअरिंगचा माल खराब आला असन. आजकाल डुप्लिकेट माल लय येते.

तोच दिवस, संध्याकाळी

वरचं एक वाक्य खोटं आहे. बेअरिंग मी स्वतः खोललं. गोळ्यांचा रंग निळा पडला होता, वाटी खरवडून गेलती. असं एका दुपारी होत नाही. दोन दिवस तरी ते ओरडत असन. मी त्याच्यावर पेचकस ठेवून कान लावला होता अन् मले लोणी ऐकू आलं.

मंदार बाजूले उभा होता. तो रागावला नाही. तो रागावला असता तं बरं झालं असतं. म्हणे, "काका, कान तपासून घ्या. सतरा तारखेले इंद्रजितले बोलावतो."

८ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लीलाले विचारलं, तुले माहीत होतं का? ती म्हणे, दोन वर्षं झाली. म्हणून तर मी तुमच्या तोंडासमोर येऊन बोलते, म्हणून तर खुशी ओरडून वाचते. मी म्हणलं, मग सांगतलं काहून नाही? ती म्हणे, कसं सांगणार, तुम्ही रोज त्याच कानाची पूजा करत होते.

सगळं मागचं उलगडून पाह्यलं. कुकर. पाखरं. मंदारचं तोंडातल्या तोंडात बोलणं. ही वहीच वाचली पयल्या पानापासून. माह्या अक्षरात, माह्याच हातानं, मी बहिरा झालो असं पानोपानी लिहिलं आहे अन् मलेच वाचता आलं नाही. लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते माहीत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळले डॉक्टरकडे गेलतो. कानात आवाज सोडून पाह्यले. जाड आवाज येतात, बारीक सगळे गेले. शिट्टी, पाखरू, बेअरिंगची किरकिर, सगळं बारीकमधेच येते. डॉक्टर म्हणे, अडतीस वर्षं मशिनीजवळ राहून दुसरं काय होणार? कानाले लावायचं यंत्र लिहून दिलं. म्हणे, गेलेलं परत नाही येत.

म्हणजे ज्या मशिनी मी ऐकत होतो त्यांनीच माहा कान खाल्ला. खुशीले म्हणलं, मॅडमले सांग, मी नाही येत कार्यक्रमाले. उपजत म्हणून जे मिरवत होतो तेच झिजलं, आता कोणत्या तोंडानं बोलू. तिनं दप्तर उघडलं. मॅडमनं मूळ लिहून दिलेल्या त्या कागदावर 'आत' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून कागद माह्यापुढं ठेवला अन् अभ्यासाले बसली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ममताच्या घरी गेलतो. बोटांले पट्टी होती. मी माफी मागितली. अडतीस वर्षांत पयली. तिनं सासूले चाय टाकाले सांगतलं अन् मले खाटेवर बसवलं.

मी विचारलं, नऊ नंबरमधे तुले कोणता आवाज आला होता? बारीक का जाड? तं म्हणे, "आवाज नाही काकाजी. तेवढ्या गलक्यात आवाज कोणाले येते? मी मशिनीले मांडी टेकवून कापूस घालते. मुहूर्ताच्या दिवशी मांडीले मुंग्या येत होत्या. रोज नाही येत."

म्हणे, सगळ्या बाया तशाच टेकून उभ्या राहतात, पाय दुखत नाहीत. कोणती मशीन उद्या बिघडणार ते बायांले आदल्या दिवशी कळते. मी म्हणलं, मग सांगत काहून नव्हत्या? म्हणे, सांगतलं तं तुम्ही म्हणता, कापूस घाल.

चाय थंड झाली तरी मी बसलेलो होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी पिठाची लहान चक्की आहे. ती चालू केली. पेचकसाचं टोक बेअरिंगवर ठेवलं, मूठ कानाले नाही, दातात धरली. पयले काहीच नाही. मग जबड्यातून झिणझिणी चढली. चक्कीचा पट्टा जरा सैल केला, झिणझिणी बदलली. घट्ट केला, पुन्हा बदलली. डोळे मिटून दहादा केलं. लीला दारात उभी राहून पाहत होती. म्हणे, आता दात बी घालवा.

पण मी हसलो. आठ दिवसांत पयल्यांदा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंदारले म्हणलं, एक फेरी मारू दे. मग तू म्हणशील तसं. इंद्रजित मीटर घेऊन आलेला होता. तरणा, नम्र पोरगा, माह्या पाया पडला, त्यामुळं त्याच्यावर धड चिडताही आलं नाही. ठरलं असं, मी पुढं, तो मागून मोजत येईन, आकडे शेवटी सांगन.

मी ममताले सोबत घेतलं. मंदार म्हणे, ती कायले? मी म्हणलं, ती नसन तं मी नाही. ती मांडी लावायची, मी दातात मूठ धरायचो. दोघं बोलत नव्हतो, फक्त मान हलवत होतो. चौदावर मी थांबलो, माहा जबडा झिणझिणला, पण तिनं मान हलवली नाही. मी चौदा सोडून दिली. एकोणीसवर ती थांबली. मले काहीच लागत नव्हतं. टोक सरकवत सरकवत मागच्या बेअरिंगवर नेलं, तवा लागलं. अगदी हलकं. अजून आठ-दहा दिवस तरी चाललं असतं ते.

शेवटी इंद्रजितनं आकडे वाचले. तेवीस मशिनींचं बेअरिंग बरोबर. एकोणीसचं मागचं बेअरिंग खराब. चौदाचं काय म्हणलं, तं म्हणे, तिचा एक बोल्ट सैल आहे, म्हणून नुसती हालते, बेअरिंग चांगलं आहे. म्हणजे मी चुकलो असतो, ती चुकली नाही.

मंदारनं माह्याकडे पाह्यलं. त्याले वाटलं असन मी रांग परत मागीन. खोटं नाही सांगत, चक्कीवर जमलं तवापासून डोक्यात तेच घोळत होतं, मागायचीच होती. पण तोंडातून दुसरंच निघालं. म्हणलं, "मीटर ठेव. मी हिले खोलणं, बसवणं शिकवतो. पुढच्या मुहूर्ताले रांग हिच्या हवाली कर."

मंदार म्हणे, जिनात बाई फिटर आपल्या भागात कुठं आहे काय? मी म्हणलं, नाही, म्हणून तं आपल्याकडं पाहिजे. अन् अजून एक सांगतलं, कापूस घालणाऱ्या सगळ्या बायांच्या कानाले बोळे पाहिजेत, चांगले, उद्यापासून. यावेळी तो तोंडातल्या तोंडात नाही बोलला. समोर येऊन, सावकाश, ओठ हलवून म्हणाला, हो काका.

ममता मातर एकटी म्हणे, मले नाही जमणार, मी चौथी पास. मी म्हणलं, मी सातवी. तीन वर्गांचाच फरक आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ममतानं आज पयलं बेअरिंग उतरवलं. एका हाताले पट्टी असून. पाना उलटा धरला, मी ओरडलो, तिनं मलेच सांगतलं की ओरडू नका, मले ऐकू येते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नवा सदरा घातला. कानाले यंत्र लावलं. कॉलेजचा हॉल भरलेला. पयल्या रांगेत लीला, मंदार, अन् जिनातल्या नऊ बाया, सुट्टी घेऊन आलेल्या. ममताले मी ओढूनच आणलं.

लिहून नेलेला कागद खिशातच राह्यला. मी पयले सांगतलं की मी बहिरा झालो. एवढ्या लोकांत. मग सांगतलं नऊ नंबरचं, खोटं न बोलता, मी त्या बाईले काय म्हणलो ते बी. मग मूळ सांगतलं. म्हणलं, पोराहो, हा शब्द लय लांबून आला, लॅटिनमधून निघाला, फ्रान्समधून, विलायतेतून, किल्ले फोडत, आगगाडी ओढत, आपल्या घाटंजीच्या जिनात येऊन पडला. येता येता त्याचा पयला अर्थ रस्त्यात सांडला. मी अडतीस वर्षं त्याच जिनात होतो अन् मले वाटलं तो अर्थ माह्या कानात आहे. कान तं हाड-मांसाचा, झिजला. जे आत असते ते झिजत नाही, अन् ते कोणाच्या आत आहे ते आपल्याले पाहून कळत नाही.

टाळ्या झाल्या. यंत्रातून लय कर्कश येतात, मी काढून खिशात ठेवलं. स्टेज लाकडी होतं, तळपायाले पुरत होत्या.

खुशीनं माह्या तोंडासमोर येऊन सांगतलं, केतकी मॅडम म्हणतात, वही छान झाली आहे, पण शेवटचा रकाना रिकामा आहे, तो भरून दे. खुशीनं वही माह्याकडे दिली. खाली ममता तिच्या मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती, जळालेला हात पदरात लपवून. मी स्टेजवरून उतरून तिच्यापाशी गेलो, सगळ्यांसमोर एक वाक्य बोललो. पुरं वाक्य लिहायची गरज नाही, पण त्यात इंजन हा शब्द होता. ती रडली, लीला बी रडली. मी नाही. मले घरी येऊन रकाना भरायचा होता.

कुठं. कॉलेजच्या हॉलमधे.

कोण. मी, ममताले.

अर्थ. जुना.